पथ्य म्हणजे उपाशी राहणे नव्हे
(द्वितीय वर्ष कला)

आपल्याकडे माणूस आजारी पडला की भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी बंद करून जातो. एक दूध बंद करतो, दुसरा गहू, तिसरा डाळ. रोग्याने काय खावे हे मात्र कोणी सांगत नाही. पथ्य म्हणजे सोडणे, असा आपला पक्का समज आहे. काही आजारांत तो खपूनही जात असेल. पण आतड्याच्या सुजेच्या आजारात तो रोग्याच्या जिवावर उठतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा आजार दोन प्रकारचा. मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात, तो अल्सरेटिव्ह कोलायटिस. दुसरा क्रोहन्स, तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोहन यांनी दोन सहकाऱ्यांसह १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव. शरीराची संरक्षक शक्तीच आतड्यावर उलटते. आजार काही महिने शांत राहतो, पुन्हा उसळतो. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच दिसतो, त्यामुळे निदानाला वेळ लागतो.

माझ्या थोरल्या भावाला कोलायटिस आहे. शौचावाटे रक्त जाई म्हणून एका दवाखान्यात सात महिने मूळव्याधीचेच औषध चालले. पुढे शहरात दुर्बिणीने तपासणी झाली तेव्हा खरे नाव कळले. तोपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या कृपेने दादा भाताच्या पेजेवर आला होता. वजन अकरा किलोंनी उतरले होते. रक्त जात असताना पोटात लोह, प्रथिने काहीच जाऊ द्यायचे नाही, ही कोणती रीत?

अन्नाने या आजारात काहीच होत नाही, असे मात्र मुळीच नाही. क्रोहन्स झालेल्या मुलांना सहा ते आठ आठवडे नेहमीचे जेवण थांबवून केवळ विशिष्ट पोषक द्रव आहार देतात, आणि आजार शांत करण्यात तो स्टिरॉइडच्या तोडीचा ठरतो. नीट पाहिले तर हेही उपाशी ठेवणे नाही. उलट मोजून मापून पोसणे आहे. अमेरिकेत क्रोहन्सच्या प्रौढ रोग्यांवर झालेला एक प्रयोग २०२१ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला धान्य वगैरे पुष्कळ गोष्टी वर्ज्य असलेला कडक आहार दिला, दुसऱ्याला भूमध्य समुद्राकाठचा साधा आहार : भाज्या, फळे, कडधान्ये, मासे, ऑलिव्ह तेल. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत बरे वाटणाऱ्यांचे प्रमाण जवळपास सारखेच, निम्म्याच्या थोडे खाली. म्हणजे जास्त सोडले म्हणून जास्त गुण आला, असे काही झाले नाही!

आता ऑलिव्ह तेल आमच्या घरी कोठून येणार? आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. आहाराचे छापील तक्ते कोणासाठी लिहितात कोण जाणे. परंतु त्यातले मर्म आपल्या चुलीवरही साधते. मुगाचे वरण, मऊ भात, उकडलेले अंडे, सोलून शिजवलेला दुधी, केळे, ताक. आतडे अरुंद झाले असेल तर चोथा कमी, भाजी अगदी मऊ. आजार शांत झाला की भाकरी, पालेभाजी हळूहळू परत आणायची, जन्मभर पेज नव्हे. आणि सरसकट दूध बंद करण्याचेही कारण नाही. ज्याला ते पचत नाही त्याने सोडावे.

पचते की नाही हे ठरवायचे कसे? आम्ही शंभर पानी वही घातली. लिहिण्याचे काम माझ्याकडे, कारण घरात अक्षर बरे ते माझेच! काय खाल्ले, किती वेळा जावे लागले, रक्त दिसले का. दोन महिन्यांत कळले की चहातल्या दुधाने दादाला काही होत नाही. कच्चा कांदा आणि ठेचा मात्र भोवतो. आत्याने बंद केलेला गहूही निर्दोष सुटला. ही यादी दादाची. दुसऱ्या रोग्याची वेगळी निघेल.

याउलट 'गोळ्या सोडा, आमचा काढा घ्या' असे मोबाईलवरून सांगणारे महाभाग हल्ली फार झाले आहेत. आहार औषधाच्या जोडीला असतो, जागी नव्हे. बरे वाटते म्हणून गोळ्या थांबवल्या की आजार पुन्हा उसळण्याची भीती असते, आणि तो उसळला की काढा विकणारा फोन उचलत नाही. आमच्या गल्लीतल्या एकाचा तसाच अनुभव आहे.

माझी तक्रार थोडी डॉक्टरांकडेही आहे. 'हलके खा' एवढे सांगून ते पुढच्या रोग्याला बोलावतात. हलके म्हणजे काय, हे आईने कोणाला विचारावे? रोग्याचे वजन दर खेपेला करावे, हिमोग्लोबिन पाहावे, आणि घरी काय शिजते ते विचारून त्यातूनच दोन वेळचे जेवण सांगावे. मागच्या खेपेला एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आमची वही मागून घेतली आणि दहा मिनिटे वाचली. अंडे रोज चालेल म्हणाल्या. त्या दिवशी आईने परतीच्या वाटेवरच अर्धा डझन घेतली.