विधवांची वाटणी आणि तहसील कार्यालयाची रांग

प्रारंभीच्या ख्रिस्तसभेत निर्माण झालेली पहिली कुरबुर धर्मसिद्धान्तावरून नव्हती; ती विधवांच्या रोजच्या वाटणीवरून होती. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात तिचा वृत्तान्त आहे. अन्न होते, वाटणारेही होते, तरी ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांच्या हाती ते पडत नव्हते. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील वृद्ध आणि निराधार बांधवांची गाऱ्हाणी ऐकताना आम्हांस या अध्यायाची वारंवार आठवण होते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पासष्टी गाठलेल्या निराधारांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. त्याहून कमी वयाच्या विधवा, दिव्यांग आणि दुर्धर आजाराने पीडित व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. 2023 मध्ये या दोन्ही योजनांचे साहाय्य दरमहा 1,500 रुपये झाले. 2024 मध्ये आलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच 3,000 रुपये देण्याची तरतूद झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेचे 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले.

अन्न आहे, वाटणारेही आहेत. मग अडते कोठे? श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनेक वर्षे 21,000 रुपये राहिली, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. डोंबिवलीत भाड्याच्या खोलीत राहून एवढ्यात महिना कसा काढावा, हे कोणत्या दाखल्यावर लिहून मिणार? शिवाय राज्यात 15 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. आधार क्रमांक बँक खात्याशी जोडावा लागतो, आणि आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे यंत्राला ओळखू येत नाहीत. डोंबिवलीकरांचा तालुका कल्याण. तरुणास लोकलने ठाकुर्ली ओलांडली की कल्याण. गुडघे गेलेल्या माणसाला तोच प्रवास पुलाच्या पायऱ्यांमुळे दिवसभराचा होतो. एवढे करूनही दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतोच.

आमच्या परिचयातील एका वृद्ध भगिनीची कथा अशी. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिचे एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, आधारकार्डावर तिसरे. आपल्या समाजात हे घरोघरी आढळेल. लग्नानंतर आडनाव बदलते, आणि पोर्तुगीज वळणाचे नाव लिपिक आपल्या कानाला जसे ऐकू येईल तसे लिहितो. तीन खेपांनंतर तिने अर्ज पिशवीत गुंडाळून ठेवला. कोणी तिच्याशी उद्धटपणे वागले नव्हते, हे तिनेच आवर्जून सांगितले. प्रत्येक खिडकीवर तिला पुढची खिडकी दाखवण्यात आली, इतकेच.

ज्यांची मुले सांभाळत नाहीत, त्यांच्यासाठी 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह आणि कल्याणाचा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे साधा अर्ज करता येतो, वकिलाची गरज नाही, नोटिशीनंतर 90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे, आणि दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. परंतु पोटच्या मुलाविरुद्ध अर्जावर सही करायला किती मातांचा हात धजावेल? चौथ्या आज्ञेवर आम्ही धर्मगुरू प्रवचने पुष्कळ देतो. ऐकणारी माता मात्र मुलाची अब्रू झाकत घरी जाते. याच कायद्यात एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असलेल्या ज्येष्ठाच्या वतीने त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते.

येथे धर्मग्रामाचा संबंध येतो. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांच्या घरी पवित्र कम्युनियन नेतो. कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाच्या दारी महिनोन् महिने मूल फिरकलेले नाही, हे कोणत्याही शासकीय खात्यापेक्षा आम्हांस अधिक अचूक ठाऊक असते. ती यादी आमच्या खिशात असते. तरीही आम्ही प्रार्थना म्हणून, चहा घेऊन परततो. निवृत्तिवेतन मिळते का, हा प्रश्न आमच्या तोंडून क्वचितच निघतो. सेंट व्हिन्सेंट डी पॉल संस्थेचे बंधुभगिनी तांदूळ-साखर पोहोचवतात. त्या पिशवीचे मोल आम्ही कमी लेखत नाही, परंतु तीसोबत अर्जाचा नमुना जात नाही.

प्रेषितांनी त्या विधवांना पुन्हा रांगेत उभे राहा, असे सांगितले नाही. त्यांनी सात माणसे नेमली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली, त्यांची भाषा जाणणारी माणसे निवडली गेली असावीत. आपल्या परिसरातील धर्मग्रामांत मल्याळम, कोंकणी, तमिळ बोलणारी वृद्ध मंडळी पुष्कळ आहेत. तहसील कार्यालयातील अर्ज मराठीत असतो. चर्चमध्ये मराठी मिस्सासाठी आपण वर्षानुवर्षे आग्रह धरला, तो योग्यच होता. पण तहसील कार्यालयाच्या खिडकीपाशी भाषेचे बळ आपल्याकडे आहे, हे आपल्या ध्यानी आलेले दिसत नाही.

त्या भगिनीच्या बाबतीत शेवटी युवक मंडळातील एक मुलगी पुढे झाली. नावांच्या फरकाचे प्रतिज्ञापत्र तिने करवून घेतले, आपल्या रजेचे दोन दिवस घातले, आणि काही महिन्यांनी खात्यात पहिले 1,500 रुपये आले. मुलीला आता पुण्यात नोकरी लागली आहे. यंदाच्या हयातीच्या दाखल्यासाठी सोबत कोण जाणार, असे त्या भगिनीने गेल्या रविवारी मिस्सानंतर आम्हांस विचारले.