चिमूटभर हळदीचा हिशेब

मसाल्यांत विषारी धातू सापडल्याची बातमी आली की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो. मसाला लागतो चिमूटभर, त्यातून पोटात जाऊन जाऊन जाणार तरी किती? आकडे मांडले की हा युक्तिवाद टिकत नाही.

बांगलादेशात हळकुंडे झळझळीत दिसावीत म्हणून पॉलिश करताना त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिसे असलेला पिवळा रंग, चोळला जाई. १९८०च्या दशकात पुराने काळवंडलेली हळद खपवण्यासाठी ही लबाडी सुरू झाली, असे त्या धंद्यातल्या लोकांनीच संशोधकांना सांगितले. २०१९च्या अभ्यासात एका नमुन्यात ग्रॅममागे १,१५२ मायक्रोग्रॅम शिसे निघाले. अशी अर्धा ग्रॅम हळद मुलाच्या पोटात गेली, तर ५७६ मायक्रोग्रॅम शिसे जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांसाठी धरलेले संदर्भमूल्य आहे दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम, तेही सगळ्या खाण्यातून मिळून! त्याच्या अडीचशेपटीहून जास्त शिसे एका चिमटीत.

‘घरी हळकुंडे दळून आणली की झाले,’ हा दुसरा दिलासा. तोही फोल आहे, कारण रंग अख्ख्या हळकुंडालाच चढवलेला असतो.

तिसरे उत्तर सरकारी थाटाचे असते: नमुना मर्यादेत आहे. भारतात हळदीसाठी शिशाची मर्यादा ग्रॅममागे १० मायक्रोग्रॅम आहे. ती जेमतेम पाळणारी अर्धा ग्रॅम हळदही मुलाला पाच मायक्रोग्रॅम शिसे देते, म्हणजे त्या संदर्भमूल्याच्या दुपटीहून अधिक. शिशाची निर्धोक मात्रा ठरवता येत नाही म्हणून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये जुनी साप्ताहिक मर्यादाच मागे घेतली. तेव्हा नमुना ‘पास’ झाला म्हणून तपासणी संपत नाही. कोण, किती आणि किती वर्षे खातो, हा हिशेब व्हायलाच हवा.

आणि विखुरलेल्या धंद्यावर नजर ठेवता येत नाही, हे तर ढाक्यानेच खोटे पाडले. तिथल्या घाऊक बाजारात अधिकारी क्ष-किरणांवर चालणारे हातातले यंत्र घेऊन गेले, जागच्या जागी तपासणी केली, व्यापाऱ्यांना दंड केला, पत्रके वाटली. २०१९ मध्ये बाजारातले ४७ टक्के नमुने शिसेयुक्त होते. २०२१ मध्ये एकही नव्हता. गिरणीकामगारांच्या रक्तातले शिसेही घटले.

दक्षिण आशियातल्या २०२४च्या पाहणीत पाटण्याच्या हळदीत ग्रॅममागे हजार मायक्रोग्रॅमहून जास्त शिसे आढळले. सांगली आणि वसमतच्या सौद्यांतही तशी यंत्रे नेमाने फिरली पाहिजेत आणि त्यांचे निकाल गिऱ्हाइकाला वाचता येतील असे जाहीर झाले पाहिजेत.