पुढचा प्रोसेसर आपल्या मदरबोर्डात चालेल का?

मंडळी, लिंबायतमध्ये आपल्या खानदेशी घरांत आता कॉम्प्युटरही साडीच्या धंद्याला जुंपलेला दिसतो. कोणी एम्ब्रॉयडरीचं पंचिंग करतं, कोणी ऑनलाइन विक्रीची बिलं काढतं, आणि रात्री त्याच मशीनवर मुलांचा अभ्यास. मशीन रखडायला लागलं की प्रश्न ठरलेला: "दादा, नवा प्रोसेसर येतोय म्हणे. बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल का?" खर्च थोडाथोडका नाही. बोर्ड बदलला की बऱ्याचदा रॅमही बदलावी लागते.

दुकानदार आधी सॉकेट बघतो, म्हणजे प्रोसेसर बसतो ती चौकट. पण चौकट जुळली म्हणजे काम झालं असं नाही. २०१७ मध्ये इंटेलची आठवी पिढी आली तेव्हा सॉकेट ११५१ पिनांचंच होतं, तरी सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर ती चालत नव्हती. ३०० मालिकेचा नवा बोर्ड घ्यावाच लागला. याचा चटका आज बसतोय. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, आणि सातव्या पिढीवाल्याचा बोर्ड तिथेच अडतो. नंतर १७०० च्या सॉकेटवर बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या निघाल्या. २०२४ च्या ऑक्टोबरात कोअर अल्ट्रा २०० आला, की सॉकेट पुन्हा बदललं.

एएमडीचं एएम४ सॉकेट २०१६ चं. त्यावर २०२० मधले रायझन ५००० सुद्धा बसतात. पण त्या वर्षी मे महिन्यात कंपनीने जाहीर केलं होतं, की ४०० मालिकेच्या बोर्डांना हे प्रोसेसर मिळणार नाहीत. कारण काय, तर कित्येक बोर्डांवरची बायोसची चिप इतकी लहान, की सगळ्या प्रोसेसरांची माहिती तिच्यात मावेना! ग्राहकांनी ओरड केली आणि त्याच महिन्यात निर्णय फिरला. २०२२ मध्ये तर ३०० मालिकेलाही दार उघडलं.

आता एएम५ सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू, असं एएमडी म्हणते. आश्वासन चांगलं आहे, पण ते सॉकेटचं आहे, तुमच्या बोर्डाचं नाही. नव्या प्रोसेसरसाठी बायोस काढायचा की नाही, हे बोर्ड बनवणारी कंपनी ठरवते. म्हणून न आलेल्या प्रोसेसरच्या भरवशावर हातातलं काम अडवू नये, असं माझं मत. तुमच्या बोर्डावर आज चालणारा सर्वात वरचा प्रोसेसर कोणता, ते आधी बघा. जुन्या एएम४ बोर्डात रायझन ५००० टाकला तरी मशीन बरंच धावतं. (अजून जुनी हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी लावा. कितीतरी वेळा तेवढंच पुरतं.)

विंडोजमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' उघडा. तिथे बोर्डाचं मॉडेल आणि बायोसची आवृत्ती दिसते. बोर्डावर रिव्हिजनचा आकडा छापलेला असेल तर तोही टिपून घ्या. मग बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर त्याच मॉडेलची प्रोसेसर सपोर्ट यादी बघा. प्रत्येक प्रोसेसरसमोर कोणता बायोस हवा ते लिहिलेलं असतं. बायोस आधी बदलायचा, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. आणि त्या वेळी यूपीएस जोडलेला असू द्या. मध्येच लाइट गेली तर बोर्ड पुन्हा सुरू न होण्याची भीती असते.