चालता फोन बंद कोण पाडतं?

काही महिन्यांपूर्वी अम्मीचा मिरजेहून फोन आला. बँकेचं ॲप उघडत नव्हतं. इंग्रजीत काहीतरी येतंय म्हणाली आणि ते एकेक अक्षर करून मला वाचून दाखवू लागली. तिसऱ्या शब्दालाच मला कळलं. 'तुमच्या फोनवर हे ॲप आता चालणार नाही.' अब्बांची फॅमिली पेन्शन त्या खात्यात येते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती जमा झाली का ते बघायचं, लाइटबिल भरायचं, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याला पैसे पाठवायचे, हे सगळं अम्मी त्या ॲपवरून करायची. साठीनंतर शिकली होती. मी नाही, माझ्या भाचीने शिकवलं होतं.

फोन मीच २०१८ साली घेऊन दिलेला, साधारण नऊ हजारांचा. त्याला काय झालं होतं? काही नाही. काचेवर ओरखडा नाही, कारण अम्मी तो कापडी बटव्यात ठेवते. आवाज खणखणीत, कॅमेरा ठीक, बॅटरी एकदा बदललेली. मी म्हणालो, "अम्मी, नवीन घ्यावा लागेल." ती म्हणाली, "अरे, पण चालतोय की हा!"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते देताना मला लाज वाटली. कारण मी याच धंद्यात आहे.

ॲप लिहिताना एका फाइलमध्ये एक आकडा लिहावा लागतो. अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीपासून पुढे हे ॲप चालेल, तो आकडा. दर वर्षा-दोन वर्षांनी तो वाढवायचा विषय निघतो. मीटिंगमध्ये पडद्यावर एक आलेख असतो, कोणत्या आवृत्तीवर किती वापरकर्ते आहेत ते दाखवणारा. सगळ्यात जुन्या आवृत्तीची पट्टी इतकी बारीक असते की तिच्यावर टक्केवारीचा आकडाही मावत नाही. कुणीतरी विचारतं, "ड्रॉप करूया?" बाकीचे माना डोलावतात. पाच मिनिटांत विषय संपतो. मीही मान डोलावली आहे, एकदा नाही, तीन-चारदा. त्या पट्टीत कोण माणसं आहेत हा प्रश्न मला अम्मीचा फोन येईपर्यंत सुचला नव्हता.

आमची बाजूही सांगतो, ती अगदीच पोकळ नाही. जुनी अँड्रॉइड खरोखर धोक्याची असते. २०१५ मध्ये 'स्टेजफ्राइट' नावाचा दोष उघड झाला. नुसता एक मल्टिमीडिया मेसेज पाठवून समोरच्याच्या फोनमध्ये शिरता येईल, असा तो होता. त्यानंतरच गुगलने दर महिन्याला सुरक्षा-दुरुस्त्या काढायला सुरुवात केली. ज्या फोनला या दुरुस्त्या मिळत नाहीत, त्यावर लोकांचे पैसे ठेवायला बँक घाबरली, तर तिला वेडं म्हणता येणार नाही.

मग प्रश्न असा की त्या फोनला दुरुस्त्या का मिळत नाहीत?

फोनमधली मुख्य चिप क्वालकॉम किंवा मीडियाटेकसारख्या कंपनीची असते. चिप चालवायला लागणारी ड्रायव्हर सॉफ्टवेअर तीच कंपनी देते, आणि काही वर्षांनी ती सुधारणं थांबवते. नवी अँड्रॉइड त्या जुन्या चिपवर बसवायची, तर फोन बनवणाऱ्या कंपनीला स्वतःचे इंजिनिअर बसवून महिनोन्‌महिने काम करावं लागतं. त्या कामाचा एक रुपयाही तिला मिळणार नसतो, कारण फोन विकून झालेला असतो. उलट तुमचा फोन जुना पडला तर तिचा नवा खपतो. यात कुणी अंधाऱ्या खोलीत बसून कट रचत नाही. हिशेबच तसा आहे.

पण हे जमतच नाही, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नेदरलँड्समधल्या फेअरफोन या छोट्या कंपनीने २०१५ मध्ये 'फेअरफोन २' काढला. चिप कंपनीने हात वर केल्यानंतरही त्यांनी तो २०२३ पर्यंत, म्हणजे सात वर्षांहून जास्त, अद्ययावत ठेवला. मोठ्या कंपन्यांना हे शहाणपण उशिरा आलं. गुगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. हे दोन्ही फोन महागडे. स्वस्त फोनात एखाद-दुसरी कंपनी आता जास्त वर्षांचं बोलू लागली आहे. बाकीच्यांच्या खोक्यावर मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात असतात आणि अपडेट किती वर्षं मिळणार ते शोधून सापडत नाही. ज्याच्याकडे सत्तर हजार आहेत त्याचा फोन सात वर्षं जगणार आणि ज्याने नऊ हजार हप्त्यांनी भरले त्याचा त्याआधीच मरणार, अशी ही व्यवस्था आहे.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, आम्ही स्वतःच टाकतो की नवी अँड्रॉइड! मी तेही करून बघितलं. लिनिएजओएस नावाची एक प्रणाली आहे. जगभरातले हौशी प्रोग्रामर ती जुन्या फोनांसाठी फुकटात तयार करतात. माझ्या स्वतःच्या जुन्या फोनवर ती टाकली. फोन नव्यासारखा पळू लागला, सुरक्षा-दुरुस्ती त्याच महिन्याची. आणि माझ्या बँकेचं ॲप म्हणालं, हा फोन सुरक्षित नाही. कारण कंपनीचं कुलूप मी उघडलं होतं. गंमत अशी की तोच फोन तीन वर्षांत एकही दुरुस्ती न मिळालेल्या कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरवर होता, तेव्हा त्याच ॲपची काही तक्रार नव्हती. सुरक्षेचा मुद्दा खरा आहे, हे मी वर लिहिलं. पण कितपत खरा, ते इथे दिसतं.

आता बॅटरीचं बघा. लिथियम बॅटरी झिजतेच, तिचा तो धर्म आहे. पाचशेच्या आसपास पूर्ण चार्ज झाले की ती मूळ क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर येते, असं कंपन्याच वर्षानुवर्षं सांगत आल्या. रोज एकदा चार्ज करणाऱ्याची ती वेळ दीड वर्षात येते. आपल्याकडचा मे महिना आणि उशीखाली ठेवून चार्ज करायची सवय, यांनी आणखी लवकर. म्हातारी बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही. मग फोन वीस टक्क्यांवर अचानक बंद पडतो, किंवा तो बंद पडू नये म्हणून सॉफ्टवेअर त्याचा वेग उतरवतं. ॲपलने आयफोनमध्ये हेच केलं आणि गिऱ्हाइकाला नीट सांगितलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये कबूल करावं लागलं. फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोचा दंड लावला. अमेरिकेत कंपनीने पन्नास कोटी डॉलरपर्यंत भरपाई द्यायचं मान्य केलं. मधल्या काळात कितीजणांनी 'फोन स्लो झाला' म्हणून नवा घेतला असेल? बॅटरी बदलली असती तरी भागलं असतं.

ज्यांनी नोकिया वापरलाय, त्यांना 'बीएल-५सी' आठवत असेल. मागचं झाकण अंगठ्याने सरकवायचं, बॅटरी नखाने उचकायची. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की एका पुरवठादाराने बनवलेल्या या प्रकारच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज करताना जास्त तापू शकतात. लोकांनी काय केलं? झाकण काढलं, बॅटरीवरचा नंबर बघितला, त्यातली निघाली तर बदलून मागितली. फोन घरातच राहिला. नऊ वर्षांनी, २०१६ मध्ये, सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ च्या बॅटऱ्या पेटू लागल्या. आधी २५ लाख फोन परत बोलावले, मग ऑक्टोबरमध्ये ते मॉडेलच बंद करावं लागलं. चौकशीत दोष निघाला बॅटरीचाच. पण बॅटरी आत चिकटवलेली, म्हणून भंगारात गेला अख्खा फोन.

चिकटवायची कशाला? विचारलं की उत्तर येतं, पाणी आत जाऊ नये म्हणून. सॅमसंगचाच २०१४ चा गॅलेक्सी एस५ घ्या. मागचं झाकण हाताने निघायचं, बॅटरी हाताने बदलायची आणि तरीही फोन मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असा दावा होता. दहा-बारा वर्षांपूर्वी जमत होतं.

हे सगळं मी या मासिकात का लिहितोय? एक कारण अम्मी. दुसरं कारण आमच्या गल्लीच्या तोंडावरचं, सहा बाय आठचं दुकान.

तुमच्याही मोहल्ल्यात असं दुकान असेल. बारावीत अडकलेला एखादा पोरगा, दोन वर्षं उस्तादाच्या हाताखाली. एक मायक्रोस्कोप, एक हॉट गन, भिंतीवर पुठ्ठ्याच्या खोक्यांत कॉम्बो आणि चार्जिंगच्या पट्ट्या. माझ्याकडे इंजिनिअरिंगची डिग्री आहे, पण तांदळाच्या दाण्याहून लहान आयसी उचलून दुसरी बसवायला सांगितली तर माझे हात कापतील. तो चहा पिता पिता बसवतो. शिकायला कुणी शिष्यवृत्ती दिली नाही, नोकरीसाठी नाव विचारून कुणी नाकारायला नको, म्हणून आपल्यातली पुष्कळ पोरं या कामात आली आणि त्यात तरबेज झाली. अम्मीच्या फोनची बॅटरी त्यानेच बदलली होती. मजुरीचे शंभर रुपये घेतले.

त्याचा हा धंदा आता सॉफ्टवेअरने बंद होतोय. एका आयफोनचा अस्सल डिस्प्ले काढून दुसऱ्यात लावला, तरी फोन ओळखतो की हा भाग माझा नव्हे, आणि इशारे देत राहतो. २०२१ मध्ये आयफोन १३ चा डिस्प्ले बाहेर बदलला की चेहरा ओळखणंच बंद पडायचं. ओरड झाली तेव्हा कंपनीने माघार घेतली. भागाला फोनशी अशी गाठ मारून ठेवणं अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून रोखलं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाले: मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट, सात वर्षं सुटे भाग, आणि ते भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यालाही मिळाले पाहिजेत. फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे, असाही कायदा तिथे आहे. त्यात टिकाऊ बॅटऱ्यांना सूट देणारी पळवाट आहे, कंपन्या तिच्यातून निसटतील. तरी कायदा आहे.

आपल्याकडे? केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. डिसेंबरात पोर्टल सुरू झालं. मी ते चाळलं. कंपन्यांच्या सेवा केंद्रांच्या लिंक आहेत. कंपनीला बांधील करणारं काही नाही. २०२५ मध्ये दुसऱ्या एका सरकारी समितीने, फोन दुरुस्त करायला किती सोपा आहे त्याचे गुण खोक्यावर छापावेत, असा अहवाल दिला. फ्रान्समध्ये असे गुण २०२१ पासून छापतात. पण नुसत्या गुणांनी भागणार नाही. खोक्यावर औषधासारखी तारीख हवी: सुरक्षा-अपडेट या तारखेपर्यंत मिळतील. आणि सुटे भाग व त्यांची माहिती गल्लीतल्या दुकानालाही रास्त किमतीत मिळायला हवी, फक्त शहरातल्या काचेच्या शोरूमला नाही.

ही श्रीमंतांच्या खेळण्याची गोष्ट राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा महाडीबीटीचा अर्ज, लाडकी बहीणची ई-केवायसी, रेशन कार्डाची ई-केवायसी, पेन्शनरांचा हयातीचा दाखला, सगळ्याचा रस्ता फोनमधून जातो. दुसरे रस्ते कागदावर शिल्लक आहेत. साध्या बटणांच्या फोनसाठी मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे आलं, तुमच्या ओळखीतल्या किती जणांना ते माहीत आहे? सरकार आणि बँका फोन सक्तीचा करत असतील, तर तो किती वर्षं चालावा यावरही त्यांनीच बोललं पाहिजे. आपल्या संघटना रेशनवर, शिष्यवृत्तीवर निवेदनं देतात. त्या निवेदनांत 'जुन्या फोनवरही चालेल असं साधं संकेतस्थळ द्या' ही एक ओळ घालायला काही लागत नाही.

अम्मी दुसऱ्या दिवशी रिक्षाने बँकेत गेली, दीड तास रांगेत उभी राहून पासबुक भरून आली. नवा फोन मी घेऊन दिला. सगळं पुन्हा शिकवायला भाची दोन रविवार बसली. जुना अजून कपाटात आहे, बटव्यासकट. अम्मी तो भंगारात देऊ देत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या ऑफिसात तो आकडा वाढवायचा विषय पुन्हा निघाला. मी विचारलं, त्या बारीक पट्टीतले वापरकर्ते कोणत्या जिल्ह्यांतले आहेत, वयाने किती आहेत, आणि त्यांच्यासाठी ब्राउझरवर चालणारी साधी आवृत्ती करायला किती दिवस लागतील? सगळे जरा वेळ गप्प बसले. मग मॅनेजर म्हणाले, डेटा काढून बघू. डेटा अजून आलेला नाही. आकडाही अजून वाढलेला नाही.