पांढऱ्या पायाची?

द्यूतप्रतिपदेच्या डावात जो सतत पुढे राहिला तो भाग्यवान आणि जो सतत मागे पडला त्याला साडेसाती, हा आपल्याकडील निवाडा मला मुळीच मान्य नाही. खोट नसलेले एक नाणे घ्या. छापा पडला तर रुपया तुमचा, काटा पडला तर माझा. वीस वेळा उडवा. दोघेही निम्मा निम्मा वेळ आघाडीवर राहतील, असेच कोणीही म्हणेल. हिशेब सांगतो, बरोबर दहा-दहा असे शंभरांत सहाच वेळा घडते. आणि एकाच गड्याने (मध्ये बरोबरी झाली तरी) एकदाही मागे न पडण्याचे प्रसंग शंभरांत पस्तीस! कारण नाण्याला मागची आठवण नसते. पाच रुपयांनी मागे पडलेला गडी पुढची चाल तेथूनच सुरू करतो. या चढउताराचा नियम पॉल लेव्ही या फ्रेंच गणितज्ञाने १९३९ साली मांडला.

आणि आमच्याकडे? लग्नानंतर दोन वर्षे दुकान तोट्यात गेले की नवी सून पांढऱ्या पायाची! दुकान म्हणजे नाणे नव्हे, कबूल. पण नाणेसुद्धा विनाकारण इतके रेंगाळते, तर दुकानाच्या तोट्याला सुनेचे पाऊल कशाला हवे? अशा घरातील वडीलधाऱ्यांनी फराळ आटोपल्यावर आधी वीस वेळा नाणे उडवावे, मग त्या पोरीपुढे तोंड उघडावे.