शिवलं की टोचतं



मागच्या महिन्यात अंबरनाथला कवितावाचन झालं. आपल्या चार पोरांनी कविता वाचल्या, टाळ्याही पडल्या. नंतर एका सद्गृहस्थांनी चहाचा कप सांभाळत मला बाजूला घेतलं. म्हणाले, लिहिता चांगलं, पण फार काटेरी आहे हो सगळं. आणि माणसंही तुम्ही तशीच. जरा शिवलं की टोचता.

शिवलं की! शब्द त्यांच्या तोंडून सहज गेला, त्यांना पत्ताही नाही. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ‘शिवू नको, लांब हो’ यापलीकडे आमच्याशी बोलणं केलं नाही, त्यांचा नातू आज तक्रार करतो की ही माणसं शिवून घेत नाहीत. मी तिथं हसलो. भडकलो ते लोकलमध्ये बसल्यावर. अंबरनाथ ते बदलापूर सात-आठ मिनिटांचा प्रवास, तेवढ्यात हे संपादकीय निम्मं लिहून झालं होतं.

मराठीत टोचणाऱ्या गोष्टींना शब्दांचा तोटा नाही. थंडी बोचरी, टोमणा खोचक, बोलणं लागट, घोंगडी खरबरीत, बाभूळ काटेरी, सासू खाष्ट, कारकून तुसडा. यातले बोचरं, खोचक, लागट हे शब्द टोचणाऱ्याचे आहेत. बोचरी टीका म्हटलं की बोट टीकेकडे. पण ज्याला बोचलं तो ओरडला तर? तिथं भाषा गुपचूप कूस बदलते. त्याला कुणी हळवा म्हणत नाही, तो मान पांढरपेशा कवींचा. तो होतो चिडका, आक्रस्ताळा, काटेरी. काटा ज्याच्या पायात मोडला, त्याच्याच नावावर काटा चढला. सातबाऱ्यावर आमच्या नावानं जमीन कधी चढली नाही, हा मात्र लगेच चढला.

आणि काट्याचा आमचा संबंध काय तो एकदा नीट ऐका. अलेक्झांडर रॉबर्टसन यांचं महारांवरचं ‘द महार फोक’ हे पुस्तक १९३८ सालचं. त्यात जुन्या काळाची नोंद आहे, की महारानं रस्त्यावर थुंकायचं नाही आणि स्वतःच्या पाऊलखुणा पुसायला मागं काटेरी फांदी ओढत न्यायची. कल्पना करा. माणूस पुढं चाललाय आणि त्याचं चालणं त्याच्याच हातानं मागं पुसलं जातंय. फांदी तोडायची त्यानं, ओरखडे त्याच्या हाताला, आणि रस्ता स्वच्छ कुणाचा? ती फांदी आम्ही हौसेनं उचलली नव्हती. फेकली, तेव्हा मात्र म्हणाले, ही जात काटेरी आहे.

सहानुभूतीवाल्यांचंही तेच. १९३१ मध्ये, गोलमेज परिषदेच्या दिवसांत, गांधीजी इंग्लंडमध्ये म्हणाले होते की आंबेडकरांना कडवट होण्याचा पुरेपूर हक्क आहे. मोठ्या मनाचं बोलणं, मान्य. पण कडू काय होतं? बाबासाहेबांची जीभ की त्यांच्या पुढ्यात वाढलेलं ताट?

बरं, मराठी माणसाला काटे आवडतच नाहीत असंही नाही. पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा घ्या. ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ साली पुस्तकरूपानं आलं, तेव्हापासून रत्नागिरीच्या त्या तिरकस म्हाताऱ्यावर महाराष्ट्र जीव टाकतो. मीही टाकतो, खोटं कशाला बोलू. तो ज्याला भेटेल त्याला ओरबाडतो आणि वाचक म्हणतो, वा! शेवटी उपमा येते ती फणसाची. वरून काटे, आत गरे. थांबा, पिकू द्या, गोडवा येईल. एवढा धीर आमच्या पोराच्या वाट्याला येतो का? अंतूशेट फणस, आणि वस्तीतलं पोरगं ताठ बोललं की निवडुंग. त्याला पिकायला वेळ कोण देतो? आत गरे असतील अशी शंकासुद्धा कुणाला येत नाही.

मऊ व्हा, असा सल्ला मिळतो. मऊ कसं करतात ते उल्हासनगरच्या पोरांना विचारा. कॅम्पातल्या जीन्सच्या धंद्यात आपल्यातल्या कितीतरी पोरांचे हात निळे झाले. करकरीत कडक कापड मशीनमध्ये दगडांबरोबर घुसळायचं, रसायनात बुडवायचं, मग ते गिऱ्हाइकाच्या अंगाला मऊ लागतं. ते पाणी वालधुनीत जायचं. पुढं कोर्टकचेऱ्या झाल्या, वॉशचे बरेच कारखाने बंद पडले, काही आजूबाजूला सरकले. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका टँकरनं वालधुनीत रसायन सोडलं आणि शेकडो माणसांना श्वास घेता येईना, डोळे चुरचुरले, दवाखाने भरले. त्या काठावर राहणारी बाई नगरसेवकाला चार शब्द सुनावते तेव्हा ती भांडखोर ठरते. टँकरवाल्याच्या स्वभावाबद्दल मी अजून एकही विशेषण ऐकलेलं नाही.

इथवर लिहून मी खूश होतो. मग आठवलं.

मे महिन्यात बदलापूर स्टेशनाबाहेर आदिवासी बाया पानाच्या द्रोणात करवंदं विकायला बसतात. करवंदाची जाळी म्हणजे नुसते काटे. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे असतात त्यांच्या. मी भाव पाडून मागितला, ती म्हणाली, घ्यायचं तर घे. मी मित्राला म्हणालो, काय तुसडी आहे रे! हात बघितले ते नंतर.

दुसरी गोष्ट घरातली आहे. आपल्याच एका बैठकीत आपली एक कार्यकर्ती उठून म्हणाली, दर वेळी चहा आम्ही मुलींनीच का करायचा? क्षणभर सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, काय गं, तू हल्ली फार काटेरी झालीस. पोरं खदाखदा हसली. ती खाली बसली. बैठकीतला पुढचा विषय होता जातीअंत.

तो एकजण मीच.

अंबरनाथचे ते गृहस्थ आणि मी यांच्यात फरक एवढाच, की त्यांच्या हातात कप होता आणि मी माझ्या कपाची वाट बघत होतो. या रागाचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही, कारण तो आता फक्त त्यांच्यावर धरता येत नाही.

त्या कार्यकर्तीला मी लेख मागितला. तिनं दिला. त्यातली दोन वाक्यं मला फार लागली, म्हणून जरा सौम्य करूया का असं विचारलं. ती म्हणाली, तुला लागली म्हणजे वाक्य काटेरी की तू हळवा, ते आधी ठरव. लेख पान तीनवर आहे, जसाच्या तसा.

चहाच्या पाळ्या लावल्यात. गेल्या रविवारी माझी होती. दूध फाटलं.