घर बघायला जाताना

शाळेचे वर्ष संपत आले की कार्यालयाच्या खिडकीशी दाखल्यांसाठी रांग लागते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारणाचा एक रकाना असतो आणि त्यात "राहण्याचे ठिकाण बदलल्यामुळे" असे आम्हाला वारंवार लिहावे लागते. त्या रांगेतल्या काही आया एकट्या असतात. कुणाच्या पतीचा इंतकाल झालेला, कुणाचा तलाक किंवा खुला झालेला, कुणाचा नवरा काही न सांगता निघून गेलेला. अकरा महिन्यांचा करार संपतो, मालक भाडे वाढवतो आणि मुलांना घेऊन पुन्हा घर शोधणे येते. या महिन्यात त्या भगिनींविषयी, आणि ज्यांचे घर बघायला त्या जातात त्यांच्याविषयीही थोडे लिहिते.

एजंटांच्या बोलण्यात भाडेकरूंचे दोनच खाने असतात. 'फॅमिली' आणि 'बॅचलर'. फॅमिली म्हणजे नवरा, बायको, मुले. आई आणि दोन मुले या हिशेबात कुठे बसवायची हे त्यांना कळत नाही आणि "ओनरला फॅमिलीच पाहिजे, मॅडम" असे सांगून फोन ठेवला जातो. घरमालकाच्या मनात खरे तर तीन गोष्टी चाललेल्या असतात. भाडे वेळेवर येईल का? घरात कोण येणार-जाणार? आणि मुदत संपली की घर भांडण न करता परत मिळेल का? यातली कोणतीही शंका तो सरळ विचारत नाही. तो विचारतो, "मिस्टर काय करतात?" आपण या प्रश्नाने दुखावतो, नवऱ्याची कहाणी सांगू लागतो, डोळे भरून येतात. समोरच्याला दया येते, पण त्याची एकही शंका फिटत नाही. दयेपोटी मिळालेले घर फार दिवस टिकत नाही, आणि टिकले तरी भाड्यासोबत उपकारही फेडावे लागतात. त्या तीन शंकांची उत्तरे मागण्याआधीच हातात ठेवता आली, तर मिस्टरांचा विषय आपोआप मागे पडतो.

सुरुवात फोनवरच करावी. नाव पूर्ण सांगावे. "मी आणि माझी दोन मुले राहणार. मी अमुक ठिकाणी नोकरी करते. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत खात्यावर जमा करीन." एवढे पुरे. नाव ऐकून काही जण तिथेच नकार देतात, हे आपल्याला नवे नाही. तो नकार फोनवर मिळालेला बरा. रिक्षाचे पैसे, अर्ध्या दिवसाची रजा आणि मुलांसमोरचा अपमान, तिन्ही वाचतात. एजंटशी वाद घालू नये. तो मालकाचा निरोप सांगत असतो. त्याची दलाली किती, हेही घर बघण्याआधीच ठरवून घ्यावे. अनेक ठिकाणी ती एका महिन्याच्या भाड्याइतकी असते, आणि घर ठरल्यावर विचारले तर ती कमी होत नाही.

पण नकार फक्त परक्यांकडून मिळतो असे समजू नये. आपल्या मोहल्ल्यातही "अकेली औरत है, बाद में बातें होती हैं" हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. त्याकडे शेवटी येते.

एक सल्ला अनुभवी बायका नव्या बायकांना हमखास देतात. "सांगून टाक, मिस्टर दुबईला असतात." तो का दिला जातो हे मी समजू शकते. एका वाक्यात प्रश्न मिटतो, शिवाय दुबईचे नाव घेतले की भाड्याचीही खात्री पटते. तरीही हा सल्ला घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगते. पहिले कारण व्यवहाराचे आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यावी लागते, करार तुमच्या नावाने होतो, आणि तीन-चार महिन्यांत शेजारच्या बाईच्या लक्षात येतेच की ईदलाही कुणी आले नाही. मग ज्या मालकाला तलाकशुदा भाडेकरू चालली असती, त्याला खोटे बोललेली भाडेकरू चालत नाही. दुसरे कारण मी वर्गात पाहिले आहे. तिसरीतल्या एका मुलाने माझ्या कुटुंबाविषयी पाच ओळी लिहिताना "माझे अब्बा दुबईला असतात" असे लिहिले. त्याचे वडील याच शहरात राहतात, हे त्याला आणि मला दोघांनाही माहीत होते. लिहून झाल्यावर त्याने वही उलटी ठेवली. घराच्या किल्लीसोबत त्या मुलाकडे एक खोटेही सांभाळायला दिलेले होते, आणि किल्लीपेक्षा ते जड होते.

"साहेब कुठे असतात?" याला खरे आणि छोटे उत्तर तयार ठेवावे. "त्यांचा इंतकाल झाला." किंवा, "आमचा तलाक झाला आहे, मुले माझ्याजवळ असतात." एवढे बोलून थांबावे आणि लगेच पाण्याचा विषय काढावा. पुढे कुणी "का झाला, कसा झाला" असे खोदू लागलाच, तर "ते झाले गेले, भाड्याचे बोलू या" म्हणावे. आवाज न चढवता हे म्हणता येते. घरी दोन-तीनदा मोठ्याने बोलून पाहावे. पहिल्यांदा घसा दाटतो, तिसऱ्यांदा दाटत नाही.

आता फाइल. आधार आणि पॅनची झेरॉक्स, पगाराच्या तीन पावत्या किंवा बँकेचा सहा महिन्यांचा उतारा, मुलांचे शाळेचे बोनाफाइड, आधीच्या मालकाला भाडे दिल्याची नोंद, आणि जमले तर त्यांच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी. शिवणकाम, डबे, मेंदी, शिकवण्या अशी ज्यांची कमाई आहे त्यांच्याकडे पगाराची पावती नसते. त्यांनी घर शोधायच्या निदान सहा महिने आधीपासून मिळेल तो पैसा खात्यात फिरवावा. यूपीआयने आलेले डब्याचे पैसे उताऱ्यात दिसतात. डब्यात साठवलेल्या नोटा दिसत नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन मोफत होते, तिचाही कागद फाइलला लावावा. प्रत्येक झेरॉक्सवर आडवे लिहावे, "फक्त घरभाड्याच्या करारासाठी", आणि खाली तारीख. तलाकनामा किंवा मृत्यूचा दाखला या फाइलमध्ये ठेवू नये. घरमालकाला त्याची गरज नाही.

प्रत्यक्ष जाताना कपडे रोजचेच असावेत, स्वच्छ आणि इस्त्रीचे. बुरखा किंवा स्कार्फ रोज वापरत असाल तर त्या दिवशीही वापरा. काही जणी त्या एका तासापुरता काढून ठेवतात. पण उद्या तुम्ही तिथे राहायला गेल्यावर तो दिसणारच आहे, मग पहिल्याच दिवशी दिसू द्या. वेळेवर पोहोचा. उशीर होणार असेल तर कळवा. वेळ ठरवताना आपली नमाज सांभाळूनच ठरवा, म्हणजे कुणाच्या दारात चुळबुळ करत उभे राहावे लागत नाही.

घरात जुने भाडेकरू अजून राहत असतील, तर ते घर त्यांचे आहे हे विसरू नये. दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेऊनच पाऊल टाकावे, अशी शिकवण सूरह नूरमध्ये आहे. आपण ती मुलांना शिकवतो आणि घर बघायला गेलो की स्वतःच दुसऱ्या बाईचे कपाट उघडून त्याची खोली मोजतो. विचारून उघडावे, विचारून फोटो काढावेत. हे मालकाच्या नजरेतून सुटत नाही. दुसरा फायदा असा, की त्या बाईशी चार शब्द नीट बोललात तर ती स्वयंपाकघरात हळूच सांगते, घर का सोडतोय ते. ओल कुठे येते, मालक रात्री-अपरात्री चक्कर मारतो का, डिपॉझिट परत देताना कुरकुर करतो का, ही माहिती एजंटकडून कधीच मिळत नाही.

मुलांना पहिल्या खेपेला नेऊ नये, घर बरे वाटले तर दुसऱ्या खेपेला जरूर न्यावे. मुले किती आणि केवढी हे मालकाला दिसलेलेच बरे. निघण्यापूर्वी त्यांना सांगावे, चपला बाहेर काढायच्या, बटणे दाबायची नाहीत, गच्चीवर धावायचे नाही, मोठ्यांना सलाम किंवा नमस्ते, जे घर असेल तसे. त्यापुढे त्यांची परीक्षा घेऊ नका. एका आईने मालकासमोर मुलाला सतराचा पाढा म्हणायला लावला होता. चौदावर अडकला बिचारा. घर मिळाले, पण पाढ्यामुळे नव्हे.

घर बघताना प्रश्न विचारणाऱ्या बाईचा जो विश्वास वाटतो, तो "छान आहे, छान आहे" म्हणत फिरणाऱ्या बाईचा वाटत नाही. पाणी किती वाजता येते, किती वेळ? विजेचे मीटर स्वतंत्र आहे का? मेंटेनन्स भाड्यात धरला आहे की वेगळा? बाल्कनीला ग्रिल आहे का? संध्याकाळी जिन्यात दिवा असतो का? कामावरून परतायला सात वाजत असतील तर हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे आपणहून सांगून टाकावे: "माझे वडील आणि भाऊ येतील, कधी रात्री राहतीलही." पुढे त्याच भावाच्या मोटरसायकलवरून कुजबुज होण्यापेक्षा हे बरे.

सोबत वडील, भाऊ किंवा मामू असावेत. पण ते असले की मालक त्यांच्याशीच बोलू लागतो आणि आपण आपल्याच घराविषयी मागे उभे राहून ऐकतो. घरून निघतानाच भाईजानना सांगून ठेवावे की बोलणार मी आहे. भाडे मी भरणार, सही माझी असणार.

घाईविषयी एक सांगायला हवे. बेवा स्त्रीची इद्दत चार महिने दहा दिवसांची. त्या काळात घर बघण्याची धावपळ तिच्या माहेरच्यांनी करावी. तलाकशुदा स्त्रीला इद्दतीच्या काळात घराबाहेर काढू नये, असा हुकूम सूरह तलाकमध्ये आहे. कायद्यातही आधार आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या 2005 च्या कायद्याखाली न्यायालय पत्नीला राहत्या घरातून काढू नये असा, किंवा तिच्यासाठी दुसऱ्या घराचे भाडे पतीने भरावे असाही आदेश देऊ शकते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तेव्हा रागाच्या भरात बॅगा भरून मिळेल ती खोली घेण्याआधी हे एकदा विचारून घ्यावे.

मेहरची किंवा विम्याची एकगठ्ठा रक्कम हातात आली की 'हेवी डिपॉझिट'चा मोह होतो. मोठी रक्कम ठेवा, भाडे नाही किंवा नावापुरते. अनेक उलमा हा व्यवहार व्याजात धरतात. आपल्या मुफ्तींना विचारून घ्यावे. मला त्यातला दुसरा धोकाही मोठा वाटतो. मुलांची सगळी पुंजी एका माणसाच्या हातात जाते आणि परत मागताना आपण एकटे असतो.

कराराबाबत मात्र भिडस्तपणा नको. अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, असा समज सर्रास आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे राहत्या घराचा भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स, मुदत काहीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झाल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, खरे धरले जाते. ही नोंदणी आता ऑनलाइनही होते. "करार नोंदवून घेऊ, खर्चाचे कसे करायचे ते बोलू" असे आपणच म्हटले, तर घर परत मिळण्याची मालकाची शंका तिथेच फिटते. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. लिहून मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे आपल्यात कुणी समजायला नको.

आता आपल्यातल्या घरमालकांकडे वळते. हे मासिक वाचणाऱ्या कितीतरी घरांत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या किंवा मुलासाठी घेऊन ठेवलेला फ्लॅट भाड्याने दिलेला असतो. बेवा आणि गरजूंसाठी धावपळ करणाऱ्याचा दर्जा किती मोठा, हे आपण बयानात दरवर्षी ऐकतो. एकटी बाई मुलांना घेऊन दारात आली, तर तिला कमाई विचारा, माणसे किती ते विचारा, कागद बघा, भाड्याची तारीख ठरवा. हा तुमचा हक्क आहे. तलाक कुणाच्या चुकीने झाला, हा प्रश्न त्यात बसत नाही. भाडे कमी करायचीही गरज नाही. तिला बाजारभावाने घर हवे असते, सदका नको असतो. आणि घर द्यायचे नसेल तर त्याच दिवशी सांगा. "घरात विचारून कळवतो" म्हणून आठवडाभर लटकत ठेवले, की ती दुसरी दोन घरे सोडून देते आणि महिनाअखेर तिच्या हातात एकही उरत नाही. ज्यांनी खोली दिली, त्यांनी किल्ली देतानाच तिच्यासोबत भिंतींचे, नळांचे, मीटरच्या आकड्याचे फोटो काढून दोघांच्या फोनमध्ये ठेवावेत आणि डिपॉझिटची पावती सही करून तिच्या हातात द्यावी.